जयाचा साकव

वेलखारच्या साकवाला, म्हणजे खाडीवरच्या छोट्या पुलाला, सरकारी कागदावर एक लांबलचक नाव आहे. त्यात ग्रामीण मार्ग येतो, मार्गाचा क्रमांक येतो, खाडीचं नाव येतं आणि सगळ्यात शेवटी धापा टाकत 'साकव' येतो. गावात हे नाव कुणाला सांगाल तर तो तुम्हालाच वरपासून खालपर्यंत न्याहाळेल. मुरुडकडून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा "जयाचा साकववाले, चला" म्हणतो आणि घंटीची दोरी ओढतो. ही जया म्हणजे जयमाला सीताराम ओव्हाळ, बांधकाम खात्यातली उपअभियंता. वय पन्नाशीला टेकलेलं, आवाज साइटवर ओरडून ओरडून घोगरा झालेला. जिवंतपणी स्वतःच्या नावाच्या स्टॉपवर उतरायचं भाग्य किती जणांना मिळतं? तिला मात्र त्याचा संकोच वाटायचा. आईला भेटायला सुट्टीच्या दिवशी ती यायची तेव्हा एक स्टॉप आधी उतरायची आणि चालत गावात शिरायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चमध्ये मात्र ती सरकारी गाडीने थेट साकवापाशी आली. खाडीवरचे जुने साकव तपासा, कुठला चालू ठेवायचा आणि कुठला बंद करायचा ते कळवा, असा वरून हुकूम होता. तिच्या साहेबांनी तिला आधी सुचवून पाहिलं होतं. "मॅडम, तुमच्या गावचा आहे, तुम्हीच बांधलेला आहे. दुसऱ्या कुणाला पाठवू का?" ती म्हणाली, "नको सर. परक्याने येऊन तो आजारी आहे म्हटलं तर मला खरं वाटायचं नाही. मीच बघते." बोलताना ठीक वाटलं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय मागून घेतलंय. साकव चालेल असं लिहायचं तर खाली तिची सही, आणि बंद करा असं लिहायचं तरी तिचीच. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं बांधकाम होतं, आणि तिच्या बाबांच्या आयुष्यातलं शेवटचं.

बाबा मैलकुली होते. आता हा शब्दही मागे पडत चालला. रस्त्याचा एक तुकडा ज्याच्या ताब्यात असे, त्याच्या कडेचं गवत कापणं, गटारं मोकळी करणं, खड्ड्यात खडी-डांबर घालून वरून धुम्मस मारणं, हे ज्याचं काम, तो मैलकुली. सीताराम ओव्हाळांच्या ताब्यात मुरुडच्या वाटेवरचा समुद्राकाठचा तुकडा होता आणि त्याला ते "माझा रस्ता" म्हणत. जया लहान असताना शाळेला सुट्टी लागली की डबा घेऊन त्यांच्याकडे जायची आणि मैलाच्या दगडावर बसून त्यांचं काम बघायची. कधी तरी साहेबाची जीप यायची. साहेब उतरायचा, रस्त्याकडे बोट करायचा, काही तरी बोलायचा, आणि बाबा घमेलं खाली ठेवून उभे राहायचे. बाबांनी त्या साहेबांबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. उलट घरी येऊन म्हणायचे, "सायबाला नुसतं बघून कळतं, पाणी कुठं तुंबणार ते." पोरीच्या मनात तेव्हाच काही तरी रुजलं असणार.

बारावीला तिला चांगले मार्क पडले. गावात तोवर कुणी इतकं शिकलं नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला अख्खं गाव मोकळं होतं. कुणी म्हणालं मास्तरीण हो, कुणी म्हणालं नर्स हो, पगार बरा. जयाने सांगितलं, इंजिनिअर होणार, आणि तेही सिव्हिल. आई चुलीपुढे बसली होती. तिचं नाव सखू. ती मान वर न करता म्हणाली, "रस्त्यावरच काम करायचं तर शिकायचं कशाला? तुजा बाप बिनशिकता करतोय की." यावर सगळ्यात मोठ्याने बाबाच हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ठेवणीतला सदरा घालून, ते तिच्याबरोबर लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जायला तयार होते.

लोणेऱ्याची ती चार वर्षं जयमालाच्या मनात अजून ताजी आहेत. आताही ती कुठल्याही पोरापोरींना सिव्हिलबद्दल सांगायला बसली की पहिलं वर्ष संपायलाच तास लागतो. वर्गात मुली जेमतेम एका बाकावर मावतील इतक्या. ड्रॉइंगचे कागद गुंडाळून ठेवायची काळी लांब नळी खांद्याला लावून ती सुट्टीत एसटीने घरी यायची तेव्हा एकदा शेजारची म्हातारी घाबरून सरकून बसली होती. "बंदूक हाय का गं बाय?" म्हणाली. पहिल्या वर्षी गणित आणि मेकॅनिक्सने तिला पार रडकुंडीला आणलं. इंग्रजी पुस्तकातलं वाक्य तीनदा वाचायचं, मग मराठीत मनाशी बोलायचं, मग कळायचं. दुसऱ्या वर्षापासून मात्र गंमत यायला लागली, कारण पुस्तकातल्या गोष्टी आता रस्त्यावर दिसायला लागल्या. माती किती दबते, पाणी कुठून झिरपतं, तुळई कुठे वाकते आणि का वाकते. बाबांच्या रस्त्यावरचं एक वळण दर पावसाळ्यात खचायचं. ते का खचतं ते तिला तिसऱ्या वर्षी कळलं. त्या रात्री तिने बाबांना लांबच लांब पत्र लिहिलं. त्यांनी ते मुकादमाकडून वाचून घेतलं आणि मग म्हणे आठवडाभर ज्याला त्याला तेच समजावून सांगत होते.

सर्व्हे कॅम्पवर तर ती जीव टाकायची. डोंगरउतारावर तिवई रोवायची, दुर्बिणीतून पाहायचं, लांब उभ्या असलेल्याने पट्टी सरळ धरली नाही तर ओरडायचं. तिचा आवाज तिथेच फुटला. तिच्या गटात तिच्याशिवाय तिघं. भक्ती रोह्याची, गणितात तरबेज, उन्हाचा मात्र कंटाळा. विवेक उरणकडचा, वडील मिठागरात होते. आणि परेश रेवदंड्याच्या गुजराती दुकानदाराचा मुलगा, ज्याला घरच्यांनी "दुकानात बसायचं नाही ना, मग काही तरी कर" म्हणून पाठवलं होतं. हे चौघं प्रयोगशाळेत कॉंक्रीटचे ठोकळे फोडायला बसायचे. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेला ठोकळा मशीनखाली घालायचा आणि काटा कुठे थांबतो ते पाहायचं. फुटताना होणाऱ्या आवाजाला भक्ती दर वेळी कानात बोटं घालायची. परेश मात्र ठोकळा फुटल्यावर त्याचे तुकडे हातात घेऊन बघत बसायचा. कॉंक्रीट शिकवणाऱ्या सरांचा एक ठरलेला प्रश्न होता. विषय धरण असो, संडास असो की विमानतळ, ते विचारायचे, "पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार?" पोरं मागे त्यांची नक्कल करायची. पुढे नोकरीला लागल्यावर चौघांनीही आपापल्या जागी हाच प्रश्न लोकांना विचारून वैताग आणला.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचं होतं. जयाने वेलखारचा साकव सुचवला. तोवर खाडी ओलांडायला माडाची खोडं टाकलेली होती. ओहोटीला त्यांवरून तोल सांभाळत जायचं, आणि भरती आली की ती पाण्याखाली. शाळा आणि एसटीचा रस्ता पलीकडे. भरतीच्या वेळी गावातली पोरं काठावर बसून राहायची आणि पलीकडे शाळेची घंटा झालेली ऐकायची. जयाचं अर्धं बालपण त्या काठावर गेलं होतं. चौघं वेलखारला आले, ओव्हाळांच्या ओटीवर राहिले, गुडघाभर चिखलात उतरून मापं घेतली. सखूने त्यांना सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. परेश शाकाहारी, हे कळल्यावर ती इतकी हळहळली की शेवटी त्याला दर जेवणाला आंब्याचं लोणचं दोनदा मिळायला लागलं. प्रोजेक्टला चांगले गुण पडले. नकाशे कॉलेजच्या कपाटात गेले आणि चौघं चार दिशांना.

सिव्हिल शिकून माणूस कुठे कुठे जातो हे या चौघांकडे बघून कळावं. भक्ती ठाण्याच्या एका कंपनीत गेली आणि मेट्रोच्या पुलांचे हिशेब करायला लागली. सगळं संगणकावर, उन्हाचा संबंध नाही, तिच्या मनासारखं. विवेक न्हावा शेवाला लागला. जिथे वडिलांनी मीठ पिकवलं त्याच पाण्यात तो आता जहाजं लागायचे धक्के राखतो. परेशने आधी ठेकेदाराकडे उमेदवारी केली, मग पनवेलला बांधकामाचं साहित्य तपासायची प्रयोगशाळा काढली. म्हणजे दुकान काढलंच शेवटी, पण ठोकळे फोडायचं. वर्गातले बाकीचे कुणी आखातात गेले, कुणी प्राध्यापक झाले, कुणी पाणीपुरवठ्यात, आणि एक जण तर स्पर्धा परीक्षा देऊन पोलिसात गेला. जयमाला परीक्षा देऊन कनिष्ठ अभियंता झाली आणि बांधकाम खात्यात लागली. बाबा त्याच खात्यातून मैलकुली म्हणून निवृत्त झाले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नेमणुकीचा कागद घेऊन ती घरी आली तेव्हा बाबा ओटीवरून उठून उभे राहिले. "बसा हो बाबा," ती म्हणाली. ते म्हणाले, "सायब आल्यावर बसायची सवय न्हाय मला." चेष्टाच होती ती, पण दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

दोन वर्षांनी वेलखारचा साकव मंजूर झाला आणि काम तिच्याच हद्दीत आलं. तिने कॉलेजचे नकाशे झाडून काढले, साहेबांकडून दुरुस्त करून घेतले. तीन गाळ्यांचा साकव, म्हणजे खांबांवर टेकलेले तीन तुकडे. पलीकडच्या रस्त्याकडून सुरुवात झाली. खाऱ्या पाण्यात कॉंक्रीटला सगळ्यात मोठं भय लोखंडाच्या गंजाचं. सळया कॉंक्रीटच्या आत खोल असाव्या लागतात, म्हणजे खारी हवा तिथवर पोचत नाही. त्यासाठी सळयांखाली छोटे सिमेंटचे ठोकळे ठेवून त्या उचलून धरतात. तयार ठोकळे तेव्हा तिथे मिळत नव्हते. बाबांनी उपाय काढला. गावभरच्या रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या, त्यांच्या खणांत सिमेंट भरलं, वाळलं की वरचा कागद सोलून काढला. काडेपेटीच्या लांबीइतका उंच ठोकळा उभा ठेवला की सळई हवी तितकी वर राहायची. बाबांनी असे ठोकळे घमेल्याने केले. ते त्या साकवावर रोज राबायचे आणि मजुरीचं नाव काढलं की ठेकेदारावर चिडायचे.

दोन गाळे झाले आणि शिमगा आला. ठेकेदाराचे मजूर सणाला आपापल्या गावी गेले ते परतलेच नाहीत. पावसाळ्याआधी गावाकडचा गाळा व्हायलाच हवा होता. तेव्हा गावाने आपली जुनी पद्धत काढली. वेलखारची शेतं खाडीच्या बांधामागे आहेत. बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं, म्हणून बांधाच्या दुरुस्तीला प्रत्येक घरातून एक माणूस पाळीने जातो. आजारपण असो, लग्न असो, घराची पाळी चुकवायची नाही. ज्याची पाळी तो नसेल तर घरातलं दुसरं कुणी उभं राहतं. साकवालाही तशीच पाळी लागली, ओव्हाळांच्या शेजारच्या, तेव्हा तरण्या अंबाजीपासून सगळ्यांना. सळया बांधणारा एक जाणता कारागीर मागे थांबला होता, त्याच्या हाताखाली गाव राबलं. कॉंक्रीटच्या आदल्या दिवशी जयमालाला अलिबागला बैठकीला जावं लागलं. परतली तेव्हा सूर्य बुडत होता. तिने सळया मोजल्या, अंतरं तपासली, बांधणी ओढून पाहिली. खाली वाकून एकेक ठोकळा बघायला उजेड उरला नव्हता, आणि सकाळच्या ओहोटीलाच कॉंक्रीट टाकायचं होतं. ठोकळे म्हणजे बाबांचं काम, त्यात बघायचं काय, असंही तिला वाटलं असेल.

साकव झाला. पहिल्यांदा कोण चालणार म्हणून सगळ्यांनी बाबांना पुढे ढकललं, तर ते कडेला झाले आणि म्हणाले, "शाळंतली पोरं जाऊदे आधी." पोरं धावत सुटली. भरती होती, खालून पाणी चाललं होतं आणि वरून पोरं. बाबा त्यानंतर सहा-सात वर्षं जगले. रोज संध्याकाळी ते साकवावर जायचे, कडेचं गवत उपटायचे, पाणी जायची भोकं काडीने मोकळी करायचे. निवृत्त मैलकुलीला कोण अडवणार?

तर अशा साकवावर मार्चमधल्या त्या सकाळी जयमाला उभी होती आणि परेश प्रयोगशाळेची माणसं आणि उपकरणं घेऊन आला होता. आता तोही पोट सुटलेला, चष्मेवाला. "लोणचं मिळणार का?" हाच त्याचा पहिला प्रश्न. मग कामाला लागला. कॉंक्रीटवर दाबून मारायची हातोडी असते, ती किती उसळते यावरून आतला घट्टपणा कळतो. रस्त्याकडचा गाळा ठणठणीत निघाला. मधलाही. परेश खूश होऊन म्हणाला, "जया, आपला प्रोजेक्ट पास." जयमालाच्या छातीवरचं ओझं उतरत आलं होतं. गावाकडच्या गाळ्याखाली होडी घातली आणि हातोडी लावली, तेव्हा आवाज बदलला. भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ आवाज. परेशने छिन्नी मागितली. दोन घाव घातले तर कॉंक्रीटचा पापुद्रा पाण्यात पडला आणि आतल्या सळया दिसल्या. सळया कसल्या, पानं सुटलेला गंज होता तो. बोटाने ओढला तर हातात येत होता. सळईखाली काडेपेटीचा ठोकळा होता, आडवा. पुढचाही आडवा. त्याच्या पुढचाही.

जयमाला होडीत बसून बघत राहिली. उभा ठोकळा म्हणजे पाच सेंटिमीटर, आडवा म्हणजे जेमतेम दीड. तेवढ्या पातळ कातडीतून खाडीची हवा इतकी वर्षं आत जात होती. परेशने एक ठोकळा काढून रुमालात घेतला. "तुझ्या बाबांनी?" त्याने हळूच विचारलं. तिने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते तिलाच ठाऊक नव्हतं. बाबांना सगळं समजावून सांगितलेलं होतं. बाबा असं करणार नाहीत.

दुपारी दोघं ओटीवर जेवायला बसले. सखू आता पंचाहत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण परेशला लोणचं तिने स्वतः वाढलं. त्याच्या रुमालातला ठोकळा तिला दिसला आणि तिचा चेहरा उजळला.

"ह्यो माजा ठोकळा हाय," ती म्हणाली. "कुठं गावला?"

"तुझा कसा?" जयमालाने विचारलं.

"माजाच. तू अलिबागला गेलीस त्या दिशी तुज्या बापाला थंडी भरून ताप, तुला सांगू नको म्हनले. घराची पाळी चुकवायची कशी, म्हून मी गेले. ह्यांनी सांगितलं व्हतं उभे ठेव म्हून. पन उभे ऱ्हायतात कुठं? सळईचा धक्का लागला का पडायचे. मंग मी एकेक नीट निजवला. सांजच्यापर एक हलला न्हाय बघ."

परेशने तोंड उघडलं. जयमालाने त्याच्याकडे पाहिलं तसा तो घास गिळून खाली बघायला लागला.

"खरंच गं आये," ती म्हणाली. "एकही हललेला नाही."

"मंग साकवाला काय झालंय?"

"खारं पाणी शिरलंय आत."

सखूने ठोकळा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, आडवा धरला, उभा धरला आणि परत रुमालावर ठेवला. "खाऱ्या पान्यानं कुनाचं बरं केलंय," म्हणाली आणि ताक आणायला आत गेली.

जेवण झाल्यावर अंबाजी आला. आता त्याचं वय झालं होतं आणि गावाच्या वतीने बोलायचं काम त्याच्याकडे होतं. "जयाताय, बंद करतीस असं आयकतो. नवीन कवा होनार, त्याचा पत्ता न्हाय. पोरांनी शाळेला खाडीला वळसा घालून जायचं का? एक पावसाळा काढूदे. तुजाच साकव हाय, तुज्या एका सहीचा तं प्रश्न."

तो गेल्यावर परेश म्हणाला, "दोन गाळे चांगले आहेत हे खोटं नाही. गाड्या बंद कर, माणसं जाऊ देत. मी अहवालात जरा मऊ लिहितो. कुणी तुला विचारणार नाही."

जयमाला ओटीच्या कडेला जाऊन बसली. तिला बाबा दिसत होते, काडी घेऊन साकवावरची भोकं मोकळी करणारे. साकव पाडला की बाबांच्या हातचं गावात काहीच उरत नव्हतं, आणि आईच्या हातचंही. हे तिला इतकं लागलं की तिने परेशला विचारून टाकलं, "मी आत्ता गप्प बसले तर बाबांना चालेल का रे?" मग तीच म्हणाली, "पोरं जाऊदे आधी म्हणाले होते ते. आता मी पोरांनाच आधी घालू का त्यावर?"

त्याच संध्याकाळी साकवाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी नळ्या रोवल्या गेल्या. माणसांनाही बंदी. गावाने तिला तोंडावर बोलून घेतलं, पाठीमागे तर काय विचारता. स्वतःच्या नावाचा साकव स्वतःच मोडला म्हणाले. कंडक्टरने मात्र स्टॉपचं नाव बदललं नाही. जयमाला आता एक स्टॉप आधी उतरेना. मुद्दाम तिथेच उतरायची, नळ्यांपाशी उभी राहायची आणि मग सगळ्यांसारखा खाडीला वळसा घालून घरी जायची. ऑफिसात नव्या साकवाच्या फाइलमागे ती हात धुऊन लागली. भक्तीने ठाण्याहून रात्री जागून नव्या पुलाचे हिशेब तपासून दिले. विवेकने धक्क्यांवर खाऱ्या पाण्यात काय टिकतं ते फोनवर सांगून सांगून तिचे कान किटवले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर जुना साकव पाडला. यंत्र लावलं तेव्हा गावाकडचा गाळा जेवणाच्या सुट्टीआधीच खाडीत बसला. मधल्या गाळ्याने मात्र यंत्रवाल्याला चांगलंच घामाघूम केलं. अंबाजी काठावर उभा राहून दोन्ही बघत होता. तो जयमालापाशी आला, तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, प्यायला आणि परत दिली.

नव्या पुलाच्या गावाकडच्या गाळ्याच्या सळया बांधून झाल्या त्या दिवशी सखू काठी टेकत साइटवर आली. "घराची पाळी हाय," म्हणाली. ठेकेदाराचा मुकादम हसला. आता पाळीबिळी काही नव्हती, सगळं यंत्राने आणि मजुरांनी चाललं होतं. सखूने पदराची गाठ सोडली. आत काडेपेटीत भरून वाळवलेला एक सिमेंटचा ठोकळा होता, घरी केलेला.

"हा चालायचा नाही आये," जयमाला म्हणाली. "इथे तपासलेलेच ठोकळे लागतात."

सखू रुसली नाही. तिने आपला ठोकळा लेकीच्या हातात दिला आणि मजुराकडचा कारखान्यातला एक उचलून घेतला. त्याला सळईशी बांधायला तार होती. ती तिने ओढून पाहिली.

"ह्यो पडायचा न्हाय ना?"

"नाही. बांधला की हलत नाही."

सखू सळयांपाशी हळूहळू खाली बसली. ठोकळा सळईखाली सरकवला आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "मंग ह्या बारीला उभा ठेवते."

जयमालाने वाकून आईच्या हातावरूनच त्या ठोकळ्याची तार बांधली. मग आईला सावलीत बसवून ती परत आली, आणि भर उजेडात, गुडघे टेकून, गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा एकेक ठोकळा तिने स्वतः पाहिला.